‘ग्रँटेड’च्या पुढचं

आधी चष्मा कपाळावर जायचा. मग उजव्या हाताची तर्जनी वर व्हायची, वर्गात उत्तर ठाऊक असलेल्या मुलाची होते तशी. मग डोळे मिटून ते म्हणायचे, "ग्रँटेड." म्हणजे मान्य. पहिल्या दिवशी मला हायसं वाटलं. चला, झालं मान्य! मी पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर बोट अजून वरच. "बट," ते म्हणाले, आणि त्या 'बट'च्या पुढे पाऊण तास गेला. माझ्यासमोरचा चहा गार झाला, त्यांचाही झाला.

मी एवढंच म्हटलं होतं, की आज थंडी आहे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नात आमटीला नावं ठेवणारे एक काका प्रत्येक घरात असतात. पण आपले काका जेवून पान खाऊन झोपतात तरी. या गृहस्थांनी त्याच गोष्टीचा ग्रंथ करायला घेतला होता, आणि तो टाईप करायचं माझ्या नशिबी आलं.

आम्ही इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. ह्यांना हॉस्पिटलात काम मिळालं होतं. मला मिळालं होतं गॅस फायरपुढे शेकत बसून खिडकीतून रस्ता बघणं. एक दिवस पोस्ट ऑफिसच्या काचेवर हाताने लिहिलेलं कार्ड दिसलं: टायपिस्ट हवी, संयम आवश्यक. पुण्यात मी इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, तीस स्पीडची आणि चाळीसची. संयमाची परीक्षा दिली नव्हती, पण सासूबाईंजवळ आठ वर्षं राहिले होते. तेवढं पुरेल असं वाटलं.

पत्ता आमच्याच रस्त्यावरचा निघाला, तीन घरं वर. पंच्याहत्तरी ओलांडलेले निवृत्त शाळामास्तर, एकटेच राहणारे. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं, तर जिथे असतील तिथून हरकत घेतील.

त्यांचा विषय असा: हजार वर्षांत इंग्रज माणूस 'हो' कसं म्हणत आला आणि 'नाही' कसं म्हणत आला. आज आपण 'येस' आणि 'नो' म्हणून मोकळे होतो. पूर्वी एवढं सोपं नव्हतं म्हणे. साध्या प्रश्नाला होकार वेगळा, आणि 'तू येत नाहीस ना?' असं कोणी विचारल्यावर त्याला खोडून काढणारा होकार वेगळा. 'येस' हा मुळात तो दुसरा, भांडखोर होकार. शिवाय 'मला वाटतं, होय' म्हणणारे शब्द, 'खरंच का?' म्हणत चिमटा काढणारे शब्द, आणि समोरच्याचं बोलणं केराच्या टोपलीत टाकणारे शब्द. त्यात एक 'टिली-व्हॅली' होता. काहीतरीच काय, असा त्याचा अर्थ. तो उच्चारताना त्यांचा चेहरा इतका खुलायचा की मला रागवायचं लक्षात राहायचं नाही.

हे सगळे शब्द चिठ्ठ्यांवर होते, आणि चिठ्ठ्या बिस्किटांच्या दोन मोठ्या डब्यांत. हिरव्या फितीचा डबा होकारांचा, लाल फितीचा नकारांचा. चिठ्ठ्या द्यायच्या त्यांनी, टाईप करायच्या मी. लंडनच्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेने पुस्तक बघायचं कबूल केलं होतं. आणि घाई अशासाठी, की त्यांची नजर जात होती. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग धरत चालला होता. कडेचं दिसे, समोरचं दिसेना. वीस वर्षं जमवलेलं सगळं डोळ्यांदेखत पुस्तकात जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि नंतर त्यांनीच दीड वर्ष त्यात खोडा घातला.

कारण त्यांचं स्वतःशीच पटायचं नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी खोडायचं. दुपारी खोडलेलं दुसऱ्या दिवशी, "काल दुपारी कोण होतं इथे? मूर्ख माणूस असावा," म्हणत पुन्हा घालायचं. मी कार्बन पेपर काढायची, पुन्हा लावायची, बोटं काळी व्हायची. दर शुक्रवारी घरी जाताना ठरवायची, की सोमवारी यायचं नाही. दर सोमवारी नऊला त्यांच्या दारात हजर.

शेजारपाजारची माणसंही मेटाकुटीला आली होती. दूधवाला बाटल्या ठेवून पळ काढायचा. गल्लीतल्या एका मुलीचं चर्चमध्ये लग्न होतं, तेव्हा आम्हालाही बोलावणं होतं. या लग्नाला कुणाची हरकत असेल तर आता बोला, असं पाद्री विचारतो ना, तसं त्याने विचारलं. चर्चमध्ये शांतता. आणि आमचे मास्तर उठून उभे राहिले! चष्मा कपाळावर, बोट वर. नवरीच्या आईने बाकाचा कठडा घट्ट धरला. ते शांतपणे म्हणाले, की लग्नाला हरकत नाही, परंतु पाद्रीबाबांनी या जुन्या वाक्यातला एक शब्द गाळला आहे, तो कृपया म्हणावा. पाद्रीने लाल होऊन वाक्य पुन्हा म्हटलं. मास्तर खाली बसले आणि मला कुजबुजत विचारलं, "तुमच्यात हे कधी विचारतात?"

"विचारत नाहीत, सर. अक्षता टाकतात."

"आणि कुणाची हरकत असली तर?"

"तोही टाकतो."

त्यांना हसू आवरेना. पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून पाहिलं, आणि लाजेने मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली.

तेव्हापासून त्यांना आमच्या मराठीचा नाद लागला. आम्ही होकार देताना 'हरकत नाही' म्हणतो, हे ऐकून त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "केवढी सभ्य माणसं! होकारसुद्धा कसा, तर तक्रार नसल्याची नोंद!" आणि मी म्हटलं, की नाही म्हणायचं असलं की आम्ही 'बघू' म्हणतो, तर त्या शब्दाची त्यांनी वेगळी चिठ्ठी केली. पुढे आठवडाभर मीटर वाचायला येणाऱ्याला, चर्चच्या वर्गणीवालीला, सगळ्यांना ते 'बग्गू' म्हणत होते.

पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. 'हरकत नाही' म्हणणाऱ्या त्या सभ्य माणसांपैकी एक त्यांच्यासमोरच बसली होती.

आमच्या माहेरी 'उलट बोलणे' हा सगळ्यात मोठा गुन्हा. अभ्यासात नापास झालं तर वडील समजावून सांगायचे, उलट बोललं तर जेवण बंद. सासरी तर प्रश्नच नव्हता. मोठ्यांची चूक दिसली तर नजर खाली करायची, म्हणजे ती दिसत नाही, हे मी फ्रॉक घालायच्या वयात शिकले होते. त्यामुळे रोज संध्याकाळी काम संपताना ते विचारायचे, "यू कन्कर, मॅडम? पटतंय ना सगळं?" आणि मी यंत्रावर आच्छादन घालत म्हणायची, "येस, सर."

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी खोली आवरायला काढली. डबे पुसले, मळलेल्या फिती काढून धुतल्या, वाळवून परत बांधल्या. दुसऱ्या दिवशी मला हिरव्या फितीच्या डब्यातला गठ्ठा देऊन म्हणाले, "होकारांचं प्रकरण सुरू करा." आता ते चिठ्ठ्या वाचत नव्हते, वाचता येतच नव्हतं. पहिली चिठ्ठी जराशी विचित्र वाटली. दुसरीही. तिसरी चिठ्ठी होती 'टिली-व्हॅली'.

फिती उलट्या बांधल्या गेल्यात, हे उघड होतं. ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मनात आलं, सांगावं. मग वाटलं, एवढा विद्वान माणूस, त्यात नजर गेलेली, त्यांना तोंडावर कसं सांगायचं की तुम्हाला लाल-हिरवं कळलं नाही? कदाचित त्यांचं काही कारणही असेल. त्यांच्या लक्षात येईल आपोआप. मी टाईप केलं. आणि एकदा गप्प राहिल्यावर दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड, तिसऱ्या दिवशी त्याहून. असा अख्खा हिवाळा मी इंग्रजांचे सगळे नकार होकार म्हणून टाईप केले. समास मात्र एकसारखे होते.

पहिली तीन प्रकरणं लंडनला गेली. ईस्टरच्या आधी उत्तर आलं. पत्र वाचून दाखवायचं काम माझंच होतं, त्यामुळे माझ्यावरचं आरोपपत्र मीच मोठ्याने वाचलं. 'लेखकमहाशयांनी टिली-व्हॅली या शब्दाला होकारांत स्थान दिले आहे. हा विनोद असल्यास तो आम्हास कळला नाही. नसल्यास, अशा हस्तलिखितावर विश्वास ठेवणे कठीण आहे.' सगळं तपासून ऑक्टोबरपर्यंत पाठवलं, तर एकदा, शेवटचं, बघू असंही लिहिलं होतं.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

बराच वेळ त्यांनी काठीची मूठ चोळली. "फिती," ते म्हणाले. "मी फिती उलट बांधल्या." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडं बाजूला, पाहत विचारलं, "तुमच्या हे कधी लक्षात आलं?"

खोटं बोलायची सोय होती. का कोण जाणे, बोलवेना.

"तिसऱ्या चिठ्ठीला, सर."

"आणि मी रोज विचारत होतो, पटतंय ना?"

"हो."

"आणि तुम्ही येस म्हणत होतात."

"तुम्ही मोठे आहात, सर. मी कसं…"

मी बोट वर जायची वाट पाहिली. ते गेलं नाही. त्याचीच मला भीती वाटली.

"अ‍ॅग्री हा शब्द फ्रेंचांकडून आला," ते अगदी हळू म्हणाले. "मुळात त्याचा अर्थ खूश करणं. तुम्ही मला खूश करत होतात, मॅडम. मला वाटत होतं, या खोलीत दोन माणसं काम करताहेत. मी एकटाच बोलत होतो."

मी कोट घेतला आणि घरी आले. आठवडाभर गेले नाही. आधी रडले, मग चिडले. कोण समजतात स्वतःला? दीड वर्ष मी बोटं काळी केली, त्याचं काहीच नाही? हे म्हणाले, "अगं, सोडून दे ना. म्हाताऱ्या माणसाचं काय एवढं मनावर घ्यायचं? सॉरीचं कार्ड टाक आणि हो मोकळी." मी "हरकत नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि तो शब्द मला त्या क्षणी जिभेवर कडू लागला. सरांची नजर ऑक्टोबरपर्यंत टिकणार नव्हती, आणि ज्या एका माणसाच्या डोळ्यांवर ते विसंबून होते, ती मी होते.

सोमवारी नऊ वाजता मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत कोटसुद्धा न काढता उभी राहिले. वाक्यं रस्ताभर घोकली होती.

"सर, चूक माझी आहे. मी बोलायला हवं होतं. पण फिती तुम्ही बांधल्या! आणि दोन्ही डबे सारखे का ठेवलेत? नजर जातेय हे माहीत असताना एक गोल आणि एक चौकोनी डबा घ्यायचं तुम्हाला सुचलं नाही? विद्वान माणसाला एवढं साधं कळू नये?"

आवाज माझाच होता, पण इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. मग सावकाश चष्मा कपाळावर गेला. बोट वर झालं.

"ग्रँटेड," ते म्हणाले. "बट…"

आणि आम्ही दुपारी साडेबारापर्यंत भांडलो. डब्यांवरून, फितींवरून, माझ्या वडिलांवरून, त्यांच्या त्या आगाऊ पत्रलेखकावरून. शेवटी ते हसले. चर्चमधल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मी त्यांचे पुढचे दात पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम: प्रत्येक पानाला माझी निदान एक हरकत, नाहीतर चहा नाही. सुरुवातीला मी काहीही हरकती काढायची. स्वल्पविराम आवडला नाही, शब्द लांब आहे. ते "टिली-व्हॅली!" म्हणून उडवून लावायचे. मग हळूहळू मला खरंच दिसायला लागलं. हा दाखला दोनदा आलाय. हे कालच्या पानाशी जुळत नाही. हा नकार नाही, सर, ही लाडीगोडी आहे. माझी नणंद अस्सं बोलते. ते ऐकायचे, तणतणायचे, आणि निम्म्या वेळा म्हणायचे, "लिहा तसं." गोल डबा आणि चौकोनी डबा मीच बाजारातून आणले. ते बोटांनी चाचपून ओळखायचे.

याचा त्रास घरी झाला. ह्यांना एडिनबराच्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं, आणि नेहमीप्रमाणे जेवताना त्यांनी जाहीर केलं, की आपण जुलैत जातोय.

"छान. पण मला विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? हल्ली तुझ्या प्रत्येक वाक्यात 'पण' असतो."

"पण अहो, ऑक्टोबरपर्यंत माझं काम आहे."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलला 'यंदा जमणार नाही' असं पत्र गेलं. एडिनबरा पुढच्या वर्षीही जागच्या जागी होतं. पुढच्या वर्षी गेलो, आणि अजून इथेच आहोत.

पुस्तक निघालं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. राखाडी पुठ्ठ्याचं, जाडजूड, फारसं कोणी न वाचलेलं. सुरुवातीला आभाराची ओळ आहे: 'माझ्या शेजारणीचे, जिने तिसऱ्या चिठ्ठीनंतर, उशिरा का होईना, तोंड उघडले.' ती ओळ टाईप करताना मी 'उशिरा'वर हरकत घेतली होती. ती त्यांनी फेटाळली.

छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी छातीत कफ साठून त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. शेवटच्या प्रकरणाची चार पानं तेवढी राहिली होती, आणि त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय ती मी पाठवणार नव्हते. दुपारी भेटायच्या वेळेला मी पानं घेऊन गेले. खिडकीजवळची खाट होती. चष्मा शेजारच्या कपाटावर घडी करून ठेवलेला.

मी पहिलं पान वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. दुसरं वाचलं. काही नाही. एरवी दोन पानांत आमचा निदान एक चहा गार झाला असता. तिसरं वाचलं. मला तो शांतपणा सहन होईना. चौथ्या पानावर मी मुद्दाम, कागदावर नसलेलं, स्पष्ट आवाजात वाचलं, "टिली-व्हॅली हा जुन्या इंग्रजीतला सर्वांत गोड होकार होय."

त्यांचा हात हलला. आधी कपाळाकडे गेला, तिथे चष्मा नव्हता. मग तर्जनी चादरीपासून वर उचलली गेली, थोडीशीच.

"ग्रँटेड," ते म्हणाले.

मी पानं मांडीवर ठेवली आणि पुढे वाकले.

"बट, सर? बट काय? चूक आहे ते, मी मुद्दाम वाचलंय. सांगा ना!"

बोट काही वेळ तसंच राहिलं. मग हळूच खाली येऊन चादरीला टेकलं. चहाची ट्रॉली घेऊन बाई खाटेपाशी आली आणि साखर किती म्हणून विचारू लागली. मी तिला हाताने थांब म्हटलं. त्यांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.